पनवेलहून इटलीला, मुलाच्या चौकशीला

लोक इटलीला कलता मनोरा बघायला जातात. मी गेलो मुलाची चौकशी करायला. मुलगा म्हणजे माझा नव्हे, जावई होऊ घातलेला. एवढ्याशा कामासाठी एवढ्या लांब गेलेला आमच्या भावकीत तरी दुसरा कोणी नाही. आणि काम फत्ते करून आलोय, हे आधीच सांगून टाकतो. नम्रपणा पुढे कुठे जमला तर बघू.

ज्यांच्या पदरी मुली आहेत त्यांना हे समजावायला नको. मुलगी द्यायची म्हटली की फोटो, पत्रिका, डिग्री हे सगळं वरवरचं. खरी माहिती मिळते ती न्हाव्याकडे, वाण्याकडे, आणि मुलगा पूर्वी जिथे काम करायचा तिथे. सध्या करतो तिथे विचारून उपयोग नसतो, तिथे सगळे गोडच बोलतात. सोडून आला तिथे जावं. माझ्या सासऱ्यांनीही माझी अशीच चौकशी केली होती. मी तेव्हा एसटीत कंडक्टर, पनवेल डेपोला, आता निवृत्त. सासरे एक दिवस गुपचूप डेपोत आले आणि कॅन्टीनवाल्याला विचारून गेले, हा पोरगा पितो का आणि ओरडतो का. कॅन्टीनवाला म्हणाला, पीत नाही, ओरडतो मात्र. लग्न ठरलं.

आमची मयूरी एकुलती एक. पाण्याच्या पंपांची इंजिनियर. कंपनीने तिला वर्षभरासाठी इटलीला पाठवलं आणि वर्ष संपलं तरी ती परत येईना. मग एका रविवारी स्काइपवर तिने सांगितलं की मातेओ नावाचा मुलगा आहे. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. त्याआधी काय करत होता, असं मी विचारलं. कोणीही विचारलं असतं. ती म्हणाली, आधी बारमध्ये वेटर होता, मग माशांचा ट्रक चालवायचा, मग बोटींना रंग द्यायचा.

माझी बायको मागे उभी राहून ऐकत होती. ती ओवे गावची, बोलते सरळ. म्हणाली, "चार धंदे केले म्हंजे याचा एकात बी जीव रमला नाय. उद्या पोरीला सोडून पाचवा धंदा करंल. तुमी सोता जा आन् बगून या. तुमी हो म्हनालात तर माजी ना नाय."

मयूरी शांतपणे म्हणाली, "या बाबा. तुम्ही नाही म्हणालात तर मी पळून-बिळून जाणार नाही. पण मग दुसरं स्थळही दाखवू नका."

ती पोरगी लहानपणापासून बोललेलं करते. म्हणजे माझ्या एका शब्दावर तिचं सगळं आयुष्य येऊन ठेपलं. जन्मभर मी दुसऱ्यांना तिकिटं दिली, पण असं जड तिकीट कधी फाडलं नव्हतं.

पनवेल

मयूरीने तिथे दुभाषी व्हायचं कबूल केलं होतं. पण ज्या मुलाची चौकशी करायची त्याच्यावर जीव टाकणारी मुलगी दुभाषी? मांजराला दुधाची राखण. मी ठरवलं, भाषा आपणच शिकायची, आणि कामापुरतीच शिकायची.

पनवेलच्या बाजारात इब्राहिमभाईंचं भांड्यांचं दुकान आहे. माणूस तरुणपणी जहाजावर गेला आणि एका इटालियन कप्तानाच्या हाताखाली वर्षानुवर्षं भटारखाना सांभाळून परत आला. ओळख नमस्कारापुरती होती. मी गेलो आणि अडचण सांगितली. त्यांनी समोरच्या गिऱ्हाइकाला कुकर दाखवता दाखवता शिकवणी सुरू केली.

"म्हात्रेभाऊ, पहिला सबक. जहाजावर नवा माणूस चढला की त्याचं नाव नंतर विचारतात, काम आधी. के लावोरो फा? काय काम करता?"

तिकडे म्हणे माणूस नुसता कंडक्टर 'असत' नाही, तो कंडक्टर 'करतो'. मी सुतार करतो, मी आचारी करतो, अशी त्यांची बोलायची तऱ्हा. मला हसू आलं. इब्राहिमभाई गंभीरपणे म्हणाले, "हसू नका. बरोबरच आहे ते. काम सुटलं तरी माणूस बाकी राहतोच ना?"

मग भूतकाळ. मला त्याचीच गरज होती, कारण मुलाची सगळी भानगड भूतकाळात होती. तोही दोन तऱ्हांचा निघाला. रोज करायचो ते वेगळं आणि एकदा केलं, संपलं ते वेगळं. मला वाटलं इथे आपण आपटणार. पण इब्राहिमभाईंनी मराठीतच सोडवलं: "मी उरणला जायचो, आणि मी उरणला गेलो. झालं की. तुमचं तर जन्मभर 'जायचो'च."

दोन महिने मी रोज संध्याकाळी त्या दुकानात बसलो. आधी काय काम करायचा? किती वर्षं केलं? का सोडलं? मालकाशी जमायचं का? हे सगळं मी दुकानात आलेल्या बायकांना इटालियनमध्ये विचारून विचारून घटवलं. त्या पातेली उलटीसुलटी करत माझ्याकडे बघायच्या. एकच गोष्ट आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नाही. मी फक्त प्रश्न शिकलो. चौकशी करणाऱ्याची चौकशी कोण करतो, असं आम्ही धरून चाललो होतो.

गुरुवार

आमच्या पनवेलला विमानतळ होणार होणार असं ऐकत माझे केस पांढरे झाले, तेव्हा अर्थातच मुंबईहून निघालो. प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. फक्त तिकडे उतरल्यावर कस्टमच्या एका कुत्र्याने माझ्या बॅगेसमोर बसकण मारली. बायकोने व्याह्यांसाठी सुके बोंबील दिले होते, सात पिशव्यांत बांधून. ते तिथेच ठेवून घेतले गेले. ज्या साहेबाने पिशव्या उघडल्या त्याचा चेहरा बघून त्यातल्या त्यात समाधान वाटलं.

गाव आद्रियाटिक समुद्राच्या काठी आहे. नाव सांगत नाही, तशी मला शपथ घातलीय, कारण पुढे कळेल. बंदर आपल्या उरणच्या करंजा बंदरासारखं, तशाच जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचं, फक्त चिखल नाही आणि वास अर्धाच. दुपारी एक वाजला की अख्खं गाव दुकानं बंद करून झोपायला जातं. पुण्याचे दुकानदार हे इथूनच शिकून गेले असणार.

मातेओ घ्यायला आला होता. उंच, दाढी वाढलेली, नखांत ग्रीस. हात धुऊनही न गेलेलं ग्रीस मला ओळखू येतं, डेपोचे मेकॅनिक असेच असायचे. त्याने वाकून नमस्कार केला, तो मयूरीने शिकवलेला होता हे दिसत होतं. संध्याकाळी त्याने आम्हाला जेवायला नेलं. शेवयांसारख्या लांब पास्त्यात चक्क तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, घातलेल्या. आपल्याकडे तिसऱ्या असतात त्याच. खोबरं नाही, मसाला नाही, लसूण आणि तेल. मी दोनदा घेतलं. मुलगा आवडला, हे कबूल करतो. पण मुलगा आवडला म्हणजे चौकशी झाली असं नव्हे.

शुक्रवार

मयूरी कामावर गेली. मी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं, काखेत कंडक्टरकीची चामडी बॅग मारली आणि निघालो. ती बॅग सवयीने घेतली. तिच्याशिवाय मला माणसांशी बोलताच येत नाही.

पहिल्यांदा न्हावी. दाढी करून घेतली आणि गालाला साबण असतानाच विचारलं, मातेओ कसा आहे, आधी काय काम करायचा? न्हाव्याचा वस्तरा थांबला. त्याने आरशातून माझ्या बॅगेकडे पाहिलं. म्हणाला, मातेओ? अनेक मातेओ आहेत. पुढे एक शब्द नाही. न्हावी आणि गप्प? जगात कुठेही जा, ही गोष्ट चांगली नव्हे.

मग तो बार. तिथे बार म्हणजे आपला चहाचा ठेला. लोक उभ्या उभ्या घोटभर कडू कॉफी घेतात आणि चालू लागतात. गल्ल्यावर जाडजूड बाई होती. मी ठसक्यात विचारलं, मातेओ इथे काम करायचा ना? किती वर्षं? का सोडलं?

बाई म्हणाली, "नो." इथे मातेओ कधीच नव्हता.

मी पुन्हा विचारलं, शब्द सुटे करून. ती पुन्हा तेच म्हणाली आणि ग्लास पुसायला लागली. कॉफी पिणारे दोघे माझ्याकडे न बघता निघून गेले.

शेवटी बोटींचा कारखाना. मालक शिडीवर होता. माझा प्रश्न पुरा होण्याआधीच त्याने हात हलवले. इथे कोणी मातेओ रंग देत नव्हता. तो एकटाच रंग देतो. सगळ्या बोटींना. एकट्यानेच. मागे तीन पोरं हातात ब्रश घेऊन उभी होती.

मी धक्क्यावर जाऊन एका बाकावर बसलो. ऊन चांगलं पडलं होतं, समुद्र निळाशार होता. चार धंदे केले त्याचं मला एवढं वाटलं नसतं. पण त्याने केलेच नव्हते. मुलाने आमच्या पोरीला थापा मारल्या, आणि तिने त्या विश्वासाने आम्हाला सांगितल्या. आता तिला हे सांगायचं कोणी? मी मनातल्या मनात वाक्यं जुळवू लागलो. मराठीत जुळवत होतो तरी जुळत नव्हती.

तेवढ्यात पांढरी टोपी घातलेला गावचा पोलीस समोर उभा राहिला. तरुण होता, सभ्यपणे बोलला. बारच्या बाईने कळवलं असावं. त्याने मला अगदी सावकाश विचारलं, "के लावोरो फा?"

माझाच प्रश्न. आणि मला उत्तर येईना. दोन महिने घोकलेली भाषा एकाच दिशेची होती, जाण्याची होती, येण्याची नव्हती. पण मी घाटात ब्रेक गेलेल्या गाडीतसुद्धा प्रवाशांना धीर दिलेला माणूस. मी माझे प्रश्न एकेक उलटे फिरवले. तो काय करायचा, तर मी काय करायचो. हळूहळू म्हणालो, "फाचेवो इल बिल्येत्तायो. आउतोबुस. पनवेल." मी तिकिटवाला होतो, बसचा, पनवेलचा. मग छातीवर हात ठेवला: "पाद्रे." बाप. "मयूरी. मातेओ. मात्रिमोनियो." लग्न.

पोलिसाने टोपी काढली आणि डोकं खाजवलं. मग बॅगेकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मी उघडून दाखवली. आत डबा, चष्मा आणि एक केळं होतं. तो वळून बराच वेळ समुद्राकडे बघत राहिला, त्याचे खांदे मात्र हलत होते. मग माझ्याकडून नंबर घेऊन त्याने मयूरीला फोन लावला.

ती अर्ध्या तासात धावत आली. सगळं ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"बाबा, तुम्ही न्हाव्याला विचारलंत?"

"मग कोणाला विचारणार?"

"इथे असं कोणी विचारत फिरत नाही. कोण कुठे कामाला होता, किती वर्षं होता, हे इथे फक्त कर खात्याचा माणूस विचारतो. मातेओ उन्हाळ्यात काम करायचा ते कागदावर नव्हतं. त्यांना वाटलं तुम्ही दंड ठोकायला आलात."

"परदेशी माणूस दंड ठोकेल?"

"तुमच्याकडे बघून कोणालाही वाटेल, बाबा."

ती रागावली होती आणि हसतही होती. मी तिला म्हणालो, म्हणजे तो इथे कामाला होता? ती म्हणाली, होता ना. आणि त्या बाकावर, त्या पोलिसासमोर, मला एकदम इतकं बरं वाटलं की डब्यातला लाडू काढून मी त्याला दिला.

रविवार

शनिवारी मी घरातच बसलो, गावात तोंड दाखवायची सोय नव्हती. रविवारी मातेओच्या आजीकडे जेवण होतं. त्याचे वडील वारलेले, आई आजारपणातून नुकतीच उठलेली, घरात चालते ती आजीचीच. आजीला तिथे नोना म्हणतात. ही नोना ठेंगणी, काळ्या कपड्यांतली. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि खुर्ची दाखवली. मातेओ माझ्या नजरेला नजर देत नव्हता. त्याला वाटत होतं, मी ठरवून टाकलंय.

आम्ही बसलो आणि दार वाजलं. बारवाली बाई. हातात केकचा डबा. मागे न्हावी. त्यामागे बोटीवाला, चक्क कोट घालून. पोलिसाने अख्ख्या गावात बातमी केली होती की तो बॅगवाला कर खात्याचा नव्हे, मुलीचा बाप आहे, चौकशीला आलाय. ही माणसं आपण होऊन साक्ष द्यायला आली होती.

बाई म्हणाली, मातेओ तिच्याकडे तीन उन्हाळे होता. का सोडलं? मी माझा प्रश्न विचारलाच. बापाला आजार झाला म्हणून. बापाचा माशांचा ट्रक होता, तो चालवायला दुसरं कोणी नव्हतं. पण ग्लास फार फोडायचा, हेही तिने सांगितलं.

बोटीवाला म्हणाला, बाप गेल्यावर ट्रक विकला, तेव्हा पोरगा माझ्याकडे आला. रंग द्यायला ठेवला, पण जेवणाच्या सुट्टीत इंजिनात डोकं घालून बसायचा. शेवटी मीच म्हणालो, अरे जा, इंजिनंच कर. न्हावी म्हणाला, मुलगा चांगला आहे, सकाळी उठत नाही मात्र. त्यावर नोनाने जोरात मान हलवली.

मला पटलं ते त्या ग्लासांमुळे आणि त्या सकाळच्या झोपेमुळे. सगळेच गोड बोलले की समजावं कुठेतरी पाणी मुरतंय. आणि ज्याला आम्ही धरसोड म्हणत होतो ती धरसोड नव्हतीच. गाडी एकच होती, थांबे वेगळे. बाप आजारी पडला म्हणून एक काम सुटलं, बाप गेला म्हणून दुसरं. असा मुलगा मी पनवेलमध्ये दिवा घेऊन शोधला असता.

मी घसा खाकरला. हो म्हणायलाच तोंड उघडलं होतं. तेवढ्यात नोनाने टेबलावर बोट आपटलं.

ती काय बोलली ते मला समजलं, तरी मयूरीने उतरलेल्या चेहऱ्याने सांगितलंच. "बाबा, त्या म्हणतात, तुम्ही आमच्या मुलाबद्दल सगळ्या गावाला विचारलंत. आता तुमच्याबद्दल आम्ही कोणाला विचारायचं?"

आमच्याकडे मुलाकडचे असे ताठ बसतात आणि मुलीचा बाप मान खाली घालतो, तशी ही गोष्ट नव्हती. म्हातारी न्यायाचं बोलत होती. मी तिच्या नातवाला दोन दिवस आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. पण तिथे माझ्या बाजूने बोलणार कोण? मुलीची साक्ष चालत नाही, हा नियम मीच केला होता. मग एकच माणूस आठवला ज्याला त्यांची भाषा येत होती. तिकडे संध्याकाळचे पाच वाजत असतील, दुकान उघडं असेल. मी मयूरीच्या मोबाइलवर नंबर फिरवायला सांगितला आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

इब्राहिमभाईंना मी मराठीत एवढंच म्हणालो, "भाई, या आजी माझी चौकशी करतायत. खरं ते सांगा."

नोना फोनवर वाकली. आधी काय काम करायचा हा माणूस?

पनवेलच्या बाजारातून जहाजावरचं इटालियन मोठ्याने येऊ लागलं. मागे कुठेतरी स्टीलची पातेली आदळत होती. इब्राहिमभाई सांगत होते, हा बसचा तिकिटवाला होता. उरणच्या गाडीवर असायचा. ओरडायचा. सगळ्यांवर ओरडायचा. मी मनात म्हटलं, संपलं.

मग ते म्हणाले, "माझी अम्मी त्या गाडीने जायची. तिचे गुडघे गेले होते. तिला चढायला वेळ लागायचा. लोक कटकट करायचे, ड्रायव्हर हॉर्न मारायचा. ती सीटवर नीट बसेपर्यंत या माणसाने कधी घंटी मारली नाही. ओरडायचा तो त्या लोकांवर. मी जहाजावर होतो, मला काही करता येत नव्हतं. फोन केला की अम्मी हेच सांगायची."

यातला एकही शब्द मला कोणाला विचारावा लागला नाही. सगळं मला कळलं, करायचो-जायचोसकट.

दोन महिने रोज त्या दुकानात बसलो. त्यांनी हे कधी काढलं नव्हतं. मी त्या म्हातारीचा चेहरा आठवू लागलो. आठवेना. उरणच्या गाडीला गुडघे गेलेल्या कितीतरी बाया असायच्या.

मयूरी हळूच म्हणाली, "बाबा, हे मला माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं," मी म्हणालो.

नोना मागे टेकली. तिचे गुडघेही दुखत असावेत, तिने ते दोन्ही हातांनी चोळले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हे झालं आधीचं. आणि आता? आता काय काम करता?"

हे उत्तर मला कोणी शिकवलं नव्हतं. मी मातेओकडे पाहिलं. त्याने टेबलाची कड घट्ट धरली होती.

"आदेस्सो," मी म्हणालो, "फाच्चो इल स्वोचेरो."

आता मी सासऱ्याचं काम करतो.

मग मयूरीने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडायला लागली. बारवाली बाईही रडायला लागली, न्हावी टाळ्या वाजवू लागला, आणि मातेओ उठून माझ्या पाया पडायला आला तो पाण्याचा ग्लास फोडूनच. नोनाने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माशांच्या रश्श्याचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. पहिला वाढा मला मिळाला.

या गडबडीत फोन बंद करायचा राहिला. इब्राहिमभाईंनी तिकडे सगळं ऐकलं आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगून टाकलं. गिऱ्हाइकांनी बाजारात सांगितलं. माझी बायको तेव्हा वांगी घेत होती. तिला भाजीवालीने पेढे मागितले तेव्हा कळलं की आपल्या मुलीचं लग्न ठरलं.

दहा मिनिटांत तिचा फोन आला. रागावलेली होती, आणि रागावली तर तिचं बरोबरच होतं. पण तिने आधी महत्त्वाचं तेच विचारलं.

"चवकशी नीट केलीत ना?"

"केली," मी म्हणालो. "आपलीही झाली. पास झालो."